लिनक्स निवडताना, उतरवून घेताना आणि पहिल्यांदा चालवून बघताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ज्या कॉम्प्युटरमध्ये हे नाही, तो कितीही धडधाकट असला तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी जुना झाला. मग मालक लिनक्सकडे वळतो, 'कोणतं लिनक्स चांगलं' असं शोधतो आणि नावांचा ढीग समोर येतो: उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, मांजारो, झोरिन, पॉप ओएस. प्रत्येकाचे पाठीराखे आपलंच खरं म्हणतात.

नवख्या माणसाचा सगळा वेळ इथेच खर्च होतो, आणि तो कमी महत्त्वाच्या प्रश्नावर. आमच्या मते नावापेक्षा जास्त फरक पडतो तो अपडेट किती वर्षं मिळणार याने, आणि आपलं हार्डवेअर त्यात नीट चालतं का याने. पहिली गोष्ट आधी वाचून कळते, दुसरी फक्त चालवून बघितल्यावर. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे जी बहुतेक जण गाळतात: उतरवलेली फाइल खरी आहे का हे तपासणं. ती का गाळू नये, ते पुढे सविस्तर येईल.

ही सगळी नावं कशाची?

लिनक्स हे खरं तर नुसत्या कर्नलचं नाव. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची घोषणा केली. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वाय-फाय यांच्याशी थेट व्यवहार करणारा भाग म्हणजे कर्नल. एवढ्याने कॉम्प्युटर वापरता येत नाही. त्यावर रोजच्या कमांड लागतात (त्यातल्या बऱ्याचशा १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आल्या), खिडक्या आणि मेनू दाखवणारा डेस्कटॉप लागतो, ब्राउझर लागतो, आणि हे सगळं अद्ययावत ठेवणारी यंत्रणा लागते. कुणीतरी हे भाग निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून एकत्र देतं, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा रोजच्या बोलण्यात डिस्ट्रो म्हणतात. कर्नल सगळीकडे तोच. कुठे थोडा जुना, कुठे ताजा, एवढाच फरक.

लिनक्सखेरीज फ्रीबीएसडीसारख्या मुक्त स्रोत प्रणालीही आहेत आणि त्या भक्कम आहेत. पण लॅपटॉपवर पहिल्यांदाच काही बसवणाऱ्याने तिकडे जाऊ नये. वाय-फाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, लिनक्समध्ये बरेच जास्त आहेत.

आधी सपोर्टची मुदत बघा

उबुंटूचा आकडा वाचायला शिका: २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती 'एलटीएस', म्हणजे दीर्घ मुदतीच्या सपोर्टची असते. तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. उबुंटू प्रो या योजनेत नाव नोंदवलं तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते, आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ती मोफत आहे. एलटीएस नसलेल्या आवृत्तीला मात्र फक्त नऊ महिने मिळतात. डाउनलोडच्या पानावर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात आणि मोठा आकडा नवा म्हणून लोक दुसरी उचलतात. पुढच्याच वर्षी अपडेट बंद झाले की गोंधळतात.

लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्या एलटीएसवरच उभी आहे, त्यामुळे तिची मुदतही तीच. मिंट २२ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, त्यानंतर दोन वर्षं दीर्घ मुदतीच्या गटाकडून सुरक्षा अपडेट मिळतात. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी होते आणि प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागतं. आर्चमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही. सगळं सतत नवं होत राहतं, आणि अपडेट करण्याआधी काय बदललंय ते वाचण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते.

डिस्ट्रोच्या मागे कोण आहे, हेही बघावं. सेंटओएस ८ या डिस्ट्रोला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळणार असं जाहीर झालं होतं. डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने तो निर्णय बदलला आणि २०२१च्या अखेरीस सपोर्ट संपलाही. त्यावर सर्व्हर उभे केलेल्या असंख्य लोकांना घाईघाईने दुसरीकडे जावं लागलं. म्हणून एखाददुसऱ्या माणसाने चालवलेली, दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेली देखणी डिस्ट्रो रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नये, असं आम्ही आग्रहाने सांगतो. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटू २००४ पासून, मिंट २००६ पासून. हा इतिहास ही हमी नाही, पण पुरावा नक्कीच आहे.

मग घ्यायची कोणती?

विंडोजची सवय आहे आणि मशीनमध्ये ८ जीबी किंवा जास्त रॅम आहे, तर लिनक्स मिंटची सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं ओळखीच्या जागी. ४ जीबी रॅम असेल तर मिंटचीच एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मिंटच्या सांगण्यानुसार किमान २ जीबी रॅम पुरते, पण ती प्रणाली सुरू होण्यापुरती. आजचा ब्राउझर उघडून चार-पाच टॅब लावले की २ जीबी संपतात, आणि तिथे कोणतीच डिस्ट्रो मदत करू शकत नाही. मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हलकी डिस्ट्रो शोधत बसण्यापेक्षा एसएसडी बसवा. वेगात पडणारा फरक कोणत्याही डेस्कटॉपच्या निवडीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर विचार उलटा करावा लागतो. ड्रायव्हर बहुतेक कर्नलमध्येच असतात. यंदा बाजारात आलेल्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वीच्या कर्नलमध्ये असणार नाही. अशा वेळी फेडोरा घ्यावी, किंवा उबुंटू एलटीएसचा शक्य तितका पुढचा उपआकडा. २४.०४ आणि २४.०४.३ या एकाच आवृत्तीच्या फाइल असल्या तरी दुसरीत बराच नवा कर्नल असतो. हे उपआकडे नेमके याचसाठी काढले जातात.

खूप जुना, ३२-बिटचा कॉम्प्युटर असेल तर पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. उबुंटूने ३२-बिटची इन्स्टॉलर फाइल काही वर्षांपूर्वीच बंद केली. डेबियन १२ पर्यंत ती होती, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये नाही.

निवड करण्याआधी एक यादी मात्र जरूर करा: रोज लागणारे प्रोग्राम कोणते? फायरफॉक्स, क्रोम, व्हीएलसी, झूम हे लिनक्सवर आहेत. लिब्रेऑफिस वर्ड आणि एक्सेलच्या फाइल उघडतं, पण गुंतागुंतीचे मॅक्रो आणि काटेकोर मांडणी बिघडू शकते. फोटोशॉप आणि डेस्कटॉपवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्ससाठी मिळत नाही. स्टीम या खेळांच्या दुकानातले विंडोजचे पुष्कळ खेळ त्याच्याच प्रोटॉन या साधनामुळे चालतात, पण ज्यांची फसवणूकविरोधी यंत्रणा कर्नलपर्यंत पोचते असे काही, उदाहरणार्थ व्हॅलरंट, चालत नाहीत. यादीतला एक जरी प्रोग्राम अपरिहार्य असेल आणि लिनक्सवर नसेल, तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं हे आधीच ठरतं.

कोणती फाइल?

डाउनलोडच्या पानावर 'एएमडी६४' लिहिलेलं बघून इंटेलचा प्रोसेसर असलेले लोक थांबतात. थांबायचं कारण नाही. ६४-बिटची ही रचना आधी एएमडीने आणली म्हणून तिला ते नाव पडलं, इंटेलनेही तीच स्वीकारली. 'एक्स८६-६४' हे तिचंच दुसरं नाव. आजचे बहुतेक लॅपटॉप आणि डेस्कटॉप यातच येतात. 'एआरएम६४' ही फाइल रास्पबेरी पाय किंवा स्नॅपड्रॅगनसारख्या चिपांसाठी. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर साधी लिनक्स फाइल थेट चालत नाही, त्यासाठी आसाही हा वेगळा प्रकल्प आहे.

'डेस्कटॉप' आणि 'सर्व्हर' असे दोन पर्याय दिसले तर डेस्कटॉप घ्या. सर्व्हर आवृत्ती सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं येतात. डेबियनच्या पहिल्या पानावरचं मोठं बटण 'नेटइन्स्ट' ही छोटी फाइल देतं. ती एक जीबीहून लहान असते आणि बाकीचं सगळं इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून ओढते. नुसतं चालवून बघायचं असेल तर डेबियनची 'लाइव्ह' फाइल वेगळी शोधावी लागते. एक चांगली गोष्ट अशी की जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून वाय-फाय वगैरेंना लागणारं फर्मवेअर, म्हणजे त्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतं. त्याआधीचे सल्ले वाचून फर्मवेअरची वेगळी फाइल शोधू नका.

फाइलचा आकार मिंटसाठी साधारण ३ जीबी, उबुंटूसाठी ६ जीबीच्या आसपास. कनेक्शन मधेच तुटत असेल तर टोरेंट (फाइल तुकड्यातुकड्याने अनेकांकडून उतरवण्याची पद्धत) निवडा. लिनक्स डिस्ट्रो टोरेंटने उतरवणं पूर्णपणे कायदेशीर आहे, डिस्ट्रो स्वतःच ती लिंक देतात. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं आणि प्रत्येक तुकडा उतरताना आपोआप तपासला जातो. थेट डाउनलोड करायचं तर मिरर, म्हणजे त्याच फाइलची प्रत ठेवणारा सर्व्हर, आपल्या जवळचा निवडा. विद्यापीठं आणि संशोधन संस्था असे मिरर चालवतात.

पत्ता मात्र स्वतः टाइप करा. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणारा निकाल जाहिरात असू शकतो आणि हुबेहूब दिसणारी नकली पानं बनवणं अवघड नाही. कुठल्याशा डाउनलोड साइटवर 'फास्ट लिंक' म्हणून दिलेली आयएसओ फाइल (डिस्ट्रो ज्या एका फाइलमधून मिळते ती) कधीच घेऊ नका.

फाइल खरी आहे का?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये हल्लेखोर शिरले. त्यांनी मिंट १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक बदलून ती आपल्या सर्व्हरवरच्या फाइलकडे वळवली. त्या फाइलमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे हल्लेखोरांना कॉम्प्युटरमध्ये शिरायची गुप्त वाट, बसवलेला होता. लोक अधिकृत साइटवरच गेले होते, योग्य बटणच दाबत होते, तरी हातात विषारी फाइल पडत होती. मिंटच्या चमूने हे जाहीर करताना लोकांना पहिली गोष्ट सांगितली ती चेकसम तपासण्याची.

चेकसम म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेली ओळख. शा-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. सहा जीबीच्या फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी जवळजवळ सगळी चिन्हं वेगळी येतात. डिस्ट्रोच्या साइटवर प्रत्येक आयएसओसाठी हा मजकूर दिलेला असतो. आपण उतरवलेल्या फाइलचा स्वतः काढायचा आणि ताडून बघायचा.

विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून 'सीआरसी शा' या मेनूत शा-२५६ निवडा. नसेल तर पॉवरशेल उघडून 'गेट-फाइलहॅश' ही कमांड द्या (रोमन अक्षरांत, 'गेट'नंतर आडवी रेघ) आणि पुढे एक जागा सोडून आयएसओ फाइल खिडकीत ओढून टाका. ती वेगळं काही न सांगता शा-२५६च काढते. लिनक्सवर 'शा२५६सम' ही कमांड आहे. मोठ्या फाइलला मिनिटभर लागू शकतं. पहिली चार आणि शेवटची चार चिन्हं बघून समाधान मानू नका. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवल्या की फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

जुळलं नाही तर दहापैकी नऊ वेळा कारण साधं असतं: डाउनलोड अर्धवट राहिलं, किंवा तुम्ही दुसऱ्याच आवृत्तीच्या चेकसमशी ताडत आहात. आधी आयएसओचं नाव अक्षरशः जुळतंय का बघा, मग दुसऱ्या मिररवरून पुन्हा उतरवा. 'थोडंसंच वेगळं आहे, चालेल' असं इथे काही नसतं.

यात एक भोक राहतं आणि ते समजून घेणं गरजेचं आहे. साइटच फोडली गेली असेल तर हल्लेखोर फाइलबरोबर चेकसमही बदलू शकतो. मग दोन्ही छान जुळतील. म्हणून चेकसमच्या फाइलवर डिस्ट्रोच्या चमूची डिजिटल सही असते. ती जीपीजी या साधनाने तपासतात: चेकसमची फाइल आणि सहीची छोटी फाइल दोन्ही उतरवायच्या, डिस्ट्रोची सार्वजनिक किल्ली (सही तपासण्यासाठी सगळ्यांना खुली असलेली) आणायची, आणि सही त्या किल्लीशी जुळते का ते जीपीजीला विचारायचं. सही करणारी खासगी किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर नसते, त्यामुळे साइट फोडूनही खोटी सही करता येत नाही. किल्लीची चाळीस चिन्हांची ओळख मात्र एकाच पानावरून घेऊ नका. डिस्ट्रोची मार्गदर्शिका, किल्ल्यांचा सर्व्हर, एखादी जुनी आवृत्ती चालवणारा ओळखीचा माणूस, अशा दोन स्वतंत्र ठिकाणांहून ताडा.

जीपीजीचं उत्तर वाचताना लोक हमखास घाबरतात. 'गुड सिग्नेचर' असं आल्यावर खाली इशारा येतो की ही किल्ली विश्वासू म्हणून प्रमाणित नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ही किल्ली खरोखर त्या चमूची आहे हे तुम्ही स्वतः तुमच्या जीपीजीला सांगितलेलं नाही. ओळखीची चिन्हं तुम्ही ताडली असतील तर पुढे जा. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र ती फाइल पुसून टाका.

पेनड्राइव्हवर लिहिणं

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून कॉम्प्युटर सुरू होत नाही. तिच्या आतली डिस्कची रचना, बूट करणाऱ्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, भागासकट, पेनड्राइव्हवर उतरावी लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, हे गृहीत धरा.

विंडोजवर रूफस हे छोटं आणि विश्वासार्ह साधन आहे. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, 'पार्टिशन स्कीम'मध्ये गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनसाठी जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) आणि 'टार्गेट'मध्ये यूईएफआय (मशीन सुरू करणारं नवं अंगभूत सॉफ्टवेअर). मशीन जुनं, यूईएफआयच्या आधीचं बायोसवालं असेल तर एमबीआर ही जुनी पद्धत. कोणतं आहे ते कळत नसेल तर विंडोजमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा, 'बायोस मोड' या ओळीत यूईएफआय किंवा लेगसी लिहिलेलं असतं. रूफसने आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारलं तर आधी सुचवलेली आयएसओ पद्धत घ्या, त्याने बूट झालं नाही तरच डीडी. डीडीने लिहिल्यावर विंडोज 'ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का' असं विचारतं. नाही म्हणा. त्याला लिनक्सची रचना वाचता येत नाही म्हणून ते विचारतं, पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो.

बलेनाएचर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पडताळतं. ही पडताळणी थांबवू नका. वर छापलेल्यापेक्षा खरी क्षमता कमी असलेले पेनड्राइव्ह आणि झिजलेले पेनड्राइव्ह इथेच पकडले जातात. पडताळणी गाळली तर हीच चूक बूट करताना 'स्क्वॅशएफएस एरर' अशा ओळींच्या रूपात दिसते आणि माणूस डिस्ट्रोला दोष देत बसतो. तीन-चार डिस्ट्रो एकाच वेळी बघायच्या असतील तर व्हेंटॉय सोयीचं: ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की आयएसओ फाइल साध्या कॉपी करता येतात. टर्मिनलवरची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतली, 'डीडी' कमांडही पेनड्राइव्हवर लिहायचं काम करते, पण लिहिण्याच्या डिस्कचं नाव एका अक्षराने चुकलं तर तुमची मुख्य डिस्क काही न विचारता पुसली जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने ती टाळावी.

विंडोजमध्ये असतानाच करायची दोन कामं

पहिलं, बिटलॉकर. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केल्यावर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. मग सिक्युअर बूट (फक्त सही असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं किंवा बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर सुरू आहे का बघा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. आजच, पेनड्राइव्ह लावण्याआधी.

दुसरं, फास्ट स्टार्टअप. हे सुरू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून अर्धवट झोपतं. अशा अवस्थेतल्या विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भागावर, लिनक्स लिहायला नकार देतं, फक्त वाचू देतं, आणि ते योग्यच करतं. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

इन्स्टॉल न करता चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. डेल, लेनोवो आणि एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. पेनड्राइव्ह यादीत दिसत नसेल तर दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बघा. काही जुनी मशीन यूएसबी ३च्या निळ्या पोर्टवरून बूट होत नाहीत. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट हे सिक्युअर बूट सुरू असतानाही चालतात, त्यासाठी ते बंद करायची गरज नाही. आर्चच्या अधिकृत फाइलसाठी मात्र बंद करावं लागतं.

आता लाइव्ह सत्र उघडेल. डिस्कला हात न लावता सगळं पेनड्राइव्ह आणि रॅम यांवरून चालतं आणि मशीन बंद केलं की केलेले बदल जातात. पेनड्राइव्हवरून वाचत असल्यामुळे ते संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. अर्धा तास द्या आणि एकेक तपासा: वाय-फाय जोडलं जातं का, आवाज येतो का, माइक आणि कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांचं स्क्रोल, प्रकाश कमीजास्त करणाऱ्या कळा, बाहेरचा मॉनिटर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाकण बंद करून मशीन झोपवा आणि परत उघडा. झोपेतून नीट न उठणं हा लॅपटॉपवरचा सगळ्यात चिवट दोष आहे आणि तो इन्स्टॉल केल्यावर कळला तर फार मनस्ताप होतो.

वाय-फाय चाललं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. अँड्रॉइड फोनवर ते बहुतेक वेळा कोणत्याही ड्रायव्हरशिवाय चालतं, आणि त्या इंटरनेटवरून मिंटचं किंवा उबुंटूचं ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर आणतं. ब्रॉडकॉमच्या चिपांबाबत हे बऱ्याचदा करावं लागतं. इंटेलच्या चिपा सहसा त्रास देत नाहीत.

पडदा काळाच राहिला आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर बूट मेनूत 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. इन्स्टॉल झाल्यावर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवला की हा प्रश्न बहुधा सुटतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, अशीही तक्रार येते. इंटेलच्या काही लॅपटॉपवर स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' या पद्धतीवर लावलेलं असतं. बायोसमध्ये ते 'एएचसीआय' केलं की लिनक्सला डिस्क दिसते, पण तसंच बदललं तर विंडोज सुरू व्हायचं थांबतं. विंडोज ठेवायचं असेल तर आधी ते सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लावा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या, मग सेफ मोड काढा.

इन्स्टॉल करताना

सगळं चाललं तर बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर. विंडोज ठेवायचं असेल तर जागा विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधूनच मोकळी करा. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, पण ६० ते १०० जीबी दिले तर पुढे जागा अपुरी पडत नाही. मोकळी केलेली जागा तशीच रिकामी सोडा, तिला विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका. मग इन्स्टॉलरमध्ये 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय घ्या. 'इरेज डिस्क' म्हणजे खरोखर पूर्ण डिस्क, फोटोंच्या पार्टिशनसकट. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर त्यांचे आकार बघून कोणती कोणती हे पक्कं करा आणि मगच पुढे जा.

दोन्ही प्रणाली असल्या की घड्याळ काही तासांनी चुकू लागतं, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ. 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं. मराठी टायपिंगसाठी सेटिंगमधल्या कीबोर्डच्या भागात मराठी जोडा. 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज बसवून एकदा लॉग-आउट केलं की इन्स्क्रिप्टबरोबर उच्चाराप्रमाणे टाइप करायचे पर्यायही दिसू लागतात.

उबुंटू एलटीएस वापरणाऱ्याला पुढची एलटीएस लगेच दिसत नाही. तिचा पहिला उपआकडा निघाल्यावरच अपग्रेडची सूचना येते, म्हणजे तोवर सुरुवातीच्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. जबरदस्तीने आधी ओढू नका. आणि तो पेनड्राइव्ह पुसू नका: बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) बिघडलं तर त्याच लाइव्ह सत्रातून डिस्क उघडून फाइल बाहेर काढता येतात आणि बूटलोडर पुन्हा बसवताही येतं.